बारकूबायचा धवला

बारकूबाय नाव विचारल्याशिवाय भाजी देत नसे. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे तिचं घर, आणि घराच्या ओट्यावर टोपली मांडून ती बसलेली असायची. मुलुंडची जागा सोडून मी सापगावला राहायला आलो त्याच आठवड्यात कर्टोली घ्यायला गेलो, तर बाईने टोपलीवर हात आडवा धरला.

“नाव काय तुजा?”

सांगितलं.

“बापाचा?”

तेही सांगितलं.

“गाव कंचा? मुंबई नको सांगू. बाप जिथं जल्मला तो गाव.”

आता मला राग आला. उभं आयुष्य मी एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात सरळ रेघा मारण्यात घालवलं होतं. असल्या आडवळणांची मला सवय नाही. पावशेर कर्टोल्यांसाठी वंशावळ कशाला? म्हटलं, “बाई, भाजी द्यायचीय की माझं लग्न लावायचंय?”

ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसल्या. बारकूबाय मात्र हसली नाही.

“लगीन लावताना पन हेच इचारतंय मी,” ती म्हणाली. “तुजा आता या वयात कोन लावतंय?”

मग कर्टोली दिली आणि वर मूठभर मिरच्या फुकट टाकल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा तिने कामवालीकडून कळलेली बातमी मला दिली. बारकूबाय धवलारीण होती. या बाजूच्या आगरी लग्नांत भटजी येतात, मंत्र म्हणतात, दक्षिणा घेऊन दुसऱ्या लग्नाला पळतात. पण मांडवाच्या पहिल्या मेढीपासून ते अक्षतांपर्यंत देवांना, पूर्वजांना, शिवेवरच्या राखणदारांना बोलावून आणायचं काम धवलारणीचं. ती जे गाते तो धवला. धवल्यात नवऱ्या मुलाचं आणि मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव घ्यावं लागतं, आणि धवलारणीने नाव घेतलं की इथल्या माणसाच्या लेखी लग्न लागलं. भटजींचा मुहूर्त पुढेमागे झाला तरी कोणाला फिकीर नसायची.

नाव बारकू, आणि बाई चांगली उंच, रुंद हाडाची. कपाळावर हिरवं गोंदण, लुगडं पोटऱ्यांच्या वर, दातांना सदा मशेरी. आवाज गोड अजिबात नव्हता. जाड, थोडा घोगरा, पण एकदा लागला की कोपऱ्यातलं मांजरसुद्धा कान टवकारायचं. तिला लग्नाला बोलवायचं तर घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतः सुपारी घेऊन तिच्या ओट्यावर यायचं. ती सुपारी पदराच्या टोकाला बांधायची आणि लग्न पार पडेपर्यंत सोडायची नाही. लग्नसराईत तिच्या पदराला इतक्या गाठी असत की चालताना तो तिच्या गुडघ्यावर आपटायचा. तो आवाज करत ती मुद्दाम बाजारातून चालायची असा माझा संशय आहे. बाईला मानाची फार हौस.

आमची सोसायटी म्हणजे एकेकाळच्या भातखाचरांवर उभ्या राहिलेल्या पाच इमारती. त्यात कल्याणच्या इस्पितळात नर्स असलेल्या अन्नम्मा सिस्टर, जौनपूरचे टाइल्सवाले, पडघ्याचे शिलाईवाले, उल्हासनगरहून आलेली सिंधी जोडपी, आणि माझ्यासारखे मुंबईला न परवडलेले मराठी. पाण्याच्या पाळीवरून भांडणं, हॉल कोणाच्या सणाला द्यायचा यावरून भांडणं. एका मजल्यावर राहून लोक एकमेकांना ‘तीनशे दोन’ आणि ‘तीनशे तीन’ म्हणत. पण बारकूबायला सगळ्यांची नावं, बापांची नावं, गावं पाठ. अन्नम्मांचे नवरे मॅथ्यू केरळात तोडुपुळ्याला जन्मले आणि तिथेच वारले, हे मला शेजारी राहून माहीत नव्हतं. बारकूबायला माहीत होतं, कारण अन्नम्मांनी तिच्याकडून कारली घेतली होती.

आणि ही बाई कोणी सांगितलं म्हणून गात नसे. एकदा पुण्याहून दोन अभ्यासू मुली रेकॉर्डर घेऊन आल्या. नमस्कार वगैरे करून म्हणाल्या, आजी, थोडा धवला म्हणून दाखवा ना.

“लगीन कोनाचा हाय?” बारकूबायने विचारलं.

“लग्न नाहीये आजी. अभ्यासाला हवंय.”

“मंग चाय प्या नि जा. मी रेडिओ नाय, कान पिलला का गायची.”

मुली जवळजवळ रडकुंडीला आल्या. मला त्यांची दया आली, मी रदबदली करायला गेलो, तर मलाही चहा मिळाला आणि ‘नि जा’ही मिळालं.

तिच्या धवल्याचा धाक काय असतो तो मी मुरबाडकडच्या एका लग्नात पाहिला. मुलगी सापगावची, म्हणून सोसायटीतले आम्ही काही जण हळदीला गेलो होतो. डीजेवर कोणतं गाणं लावायचं यावरून नवऱ्याकडची पोरं आणि मुलीचा मामा यांची जुंपली. मामाने वायर उपटली. एका दांडग्या पोराने लोखंडी खुर्ची डोक्यावर उचलली, ती नक्की मामाच्या टाळक्यात बसणार होती. बायका किंचाळल्या. बारकूबाय पाटावर बसून मशेरी लावत होती. तिने चूळ भरली, घसा खाकरला आणि धवला सुरू केला.

मांडव जागच्या जागी थिजला. धवला सुरू झाला की तोडायचा नाही, हा इथला कायदा. मधे बोलायचं नाही, उठून जायचं नाही, हात उगारायचा नाही. तोडला तर ते घर तुटतं, असं लहान पोरसुद्धा मानतं. खुर्चीवाला पोरगा खुर्ची डोक्यावर घेऊन तसाच उभा. खाली ठेवावी तर आवाज होणार, ठेवू नये तर हात मोडणार. बारकूबायने गावदेव घेतला, शिवेवरचा देव घेतला, मुलीचे आजे-पणजे घेतले, मग मामाचं नाव घेतलं, मग, काय सांगू, त्या पोराचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं. धवला संपला तेव्हा पोराचे हात लटलटत होते. त्याने खुर्ची खाली ठेवली आणि तीतच बसला. मामाने त्याला पाणी नेऊन दिलं.

परत येताना टेम्पोत ती मला म्हणाली, “धवला आर्ध्यातच संपला व्हता. उरलेला त्याच्या हातासाठी गायलं.”

मी खूप हसलो. हाच कायदा आमच्या सोसायटीच्या डोक्यावर एक दिवस असाच टांगला जाणार आहे, हे तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

आमच्या बिल्डिंगमधल्या निखिलला सिनेमा काढायचा होता. नोकरी कॉम्प्युटरची, पण डोक्यात हे. निर्माता नाही, स्टुडिओ नाही. सोसायटी हाच सेट आणि रहिवासी हीच मंडळी. गोष्टही सोसायटीचीच, हसतखेळत जाणारी. जिच्या बापाच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या ती गावातली मुलगी, तिसऱ्या मजल्यावरचा परप्रांतीय मुलगा, पाण्याची टाकी, एकाच आठवड्यात आलेले ओणम आणि गणपती, आणि शेवटी दोघांचं लग्न. सुट्टीच्या दिवशी शूटिंग. माझा हात रेघा मारून स्थिर झालेला, म्हणून कानांवर हेडफोन चढवून माइक लावलेली लांब काठी बोलणाऱ्यांच्या डोक्यावर धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. उतारवयात सिनेमात गेलो तो असा.

नायिका म्हणून निखिलने शीतलला घेतलं. ही खरोखरच गावातली मुलगी, शहापूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची, कॉलेजात एकांकिका केलेली. तिचा बाप गजाभाऊ. आमच्या इमारतींखालची जमीन खरोखरच एके काळी त्याची. सिनेमातला बाप विनोदी होता, गजाभाऊ नव्हता. कमी बोलायचा आणि जे बोलेल ते करायचा. त्याने परवानगी दिली ती अट घालून: नायक मुंबईचा नट पाहिजे, कामापुरता येणारा आणि काम झालं की जाणारा.

मुंबईचा नट आला आणि खरोखरच गेला. त्याला मालिका मिळाली. निखिलने डोक्याला हात लावला आणि मग दिवे धरणाऱ्या पोराला उभं केलं. तो अन्नम्मांचा मुलगा, रॉबिन. इथेच वाढलेला, मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलणारा.

पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांच्या ते लक्षात आलं. निखिल ‘कट’ म्हणायचा आणि त्या दोघांना ते ऐकूच यायचं नाही. त्यांच्या डोक्यावर काठी धरून मी उभा, म्हणून मला कट झाल्यानंतरचंही ऐकू यायचं. ते काही प्रेमाचं बोलत नसत. शीतल म्हणायची, “मुरबाडवाल्यांचा फोन आलेला.” रॉबिन म्हणायचा, “मग?” आणि ती म्हणायची, “मग काय. बाबांनी हो सांगितलं.” एवढंच. पण ते ऐकून माझी काठी हलायची.

मुरबाडचं स्थळ गजाभाऊने पक्कं केलं होतं. शूटिंग संपलं की साखरपुडा. नट बदलल्याचं त्याला कळलं तेव्हा दिलेला शब्द त्याने मागे घेतला नाही, पण तेव्हापासून तो दर शूटिंगला फाटकाशी यायचा. मोटरसायकल चालू ठेवून बसायचा, आत यायचा नाही. त्या इंजिनाचा आवाज माझ्या माइकमध्ये यायचा, पण ते बंद करा म्हणायची निखिलची छाती नव्हती. एक नजर चुकीची पडली असती तर मुलगी त्याच मोटरसायकलवर बसून घरी गेली असती आणि तिथून थेट मुरबाडला. हे सेटवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या दिवसांत आम्ही जे विनोदी प्रसंग चित्रित केले, ते सगळे घाम पुसत केले.

शेवटचा प्रसंग लग्नाचा, आणि निखिलला खरी धवलारीण हवी होती. तो बारकूबायच्या ओट्यावर खेटे घालून थकला. “खोट्या लग्नाला मी गात नाय,” हे एकच उत्तर. शेवटी तिनेच एक दिवस विचारलं, “तुज्या शिनेमातल्या पोरीचा नाव काय?”

“अस्मिता.”

“नि पोराचा?”

“डेव्हिड.”

“आशी मानसा हायेत कुठं?”

“नाहीत आजी. मी बनवलीत.”

ती बराच वेळ मशेरी लावत बसली. “मंग त्यांच्या नावानी गाते. नसलेल्या मानसांचा लगीन लावला तर कोनाचा काय जातंय?”

निखिलने कर्त्या पुरुषासारखी सुपारी नेऊन दिली. तिने ती पदराला बांधली. गावात कुजबुज झालीच. पण नावं खोटी आहेत म्हटल्यावर गावानेही मान डोलावली, आणि लग्नातले वऱ्हाडी म्हणून उभं राहायला पंचवीसेक माणसं तयार झाली.

पुढचं मला शीतलने नंतर सांगितलं. शूटिंगच्या आदल्या दिवशी ती बारकूबायकडे गेली होती. म्हणाली, आजी, तू नको येऊ उद्या. बारकूबायने विचारलं, का गो? तर म्हणाली, “तू गायलीस ना, तर मला ते खोटं वाटायचं नाय. आणि मग पुढच्या महिन्यात तू मुरबाडच्या नावाने गाशील, तेव्हा मी काय करू?” बारकूबायने तिला एक काकडी चिरून दिली, मीठ लावून. खा म्हणाली.

मांडव इमारतींच्या मागच्या मोकळ्या जागेत घातला होता. त्या दिवशी गजाभाऊने पहिल्यांदा मोटरसायकल बंद केली आणि आत आला. मोठा भाऊ बाळादादा सोबत. दोघं पहिल्या रांगेत बसले. शीतल पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधलेली, शेजारी रॉबिन. दोघांची मान खाली. अन्नम्मा सिस्टर रात्रपाळी करून तशाच आलेल्या, हातात डबा घेऊन कोपऱ्यात उभ्या. बारकूबाय हिरव्या लुगड्यात आली, कोणाकडे न बघता पाटावर बसली, पुढ्यात तांदळाचं सूप. मी काठी तिच्या डोक्यावर धरली.

“हे काय?”

“माइक, आजी.”

“पडल माज्यावर.”

“नाही पडणार.”

“धवल्यात खाली नाय घेता येनार तुला. इचार कर.”

निखिलने ‘अॅक्शन’ म्हटलं. तिने त्याच्या म्हणण्याकडे लक्ष दिलं नाही. तिला वाटलं तेव्हा तिने सुरू केलं.

गावदेव आला. शिवेवरचा देव आला. भातसेच्या पाण्याला बोलावलं, माहुलीच्या डोंगराला बोलावलं. मागे उभ्या असलेल्या टाइल्सवाल्या चाचांनी हात जोडले. मग ती थांबली. धवल्यात नाव घेण्याआधी धवलारीण मुलीला हळू विचारते, नाव घेऊ का? मुलीने मान हलवली तरच घ्यायचं. हे पाहुण्यांना ऐकू जात नाही. मला गेलं, कारण माझा माइक तिच्या तोंडापाशी होता.

“नाव घेऊ का गो?”

शीतलने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती अस्मिताची नजर नव्हती, हे मलासुद्धा कळलं. तिने मान हलवली.

“तुजा घेऊ का रे?”

“घ्या,” रॉबिन म्हणाला.

आणि बारकूबायने नाव घेतलं. सापगावच्या गजाननाची लेक शीतल.

मांडवातल्या सगळ्यांनी एकदम गजाभाऊकडे बघितलं. निखिलचं तोंड उघडंच राहिलं. गजाभाऊ ताडकन उठला. एक पाऊल टाकलं, आणि बाळादादाने त्याचा हात धरला. धवला चालू होता. तोडला तर घर तुटेल, आणि घर गजाभाऊचंच होतं. ती पुढे गात होती. तोडुपुळ्याच्या मॅथ्यूचा लेक रॉबिन. इतक्या दूरचं गाव त्या धवल्यात कधी आलं नसेल, पण तिने ते सापगावाइतकंच सहज घेतलं.

माझ्या खांद्यांना आग लागली होती. मला एकदम मुरबाडचा तो खुर्चीवाला पोरगा आठवला. समोर गजाभाऊ तसाच अर्धवट पुढे झुकून उभा, मुठी वळलेल्या, कपाळावरची शीर उडतेय. मला त्याची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त दया येत होती. पोरीचं लग्न लागतंय आणि बापाला बोलता येत नाही. बारकूबायने एकही ओळ गाळली नाही. तांदूळ टाकले. वऱ्हाडात उभ्या असलेल्या गावातल्या बायकांनी हात आपोआप उचलले आणि अक्षता टाकल्या. धवला संपला.

गजाभाऊ तिच्यापुढे आला. मला वाटलं, आता मारतो. पण तो गुडघ्यावर बसला.

“आजी,” तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “नाव चुकलीस तू. म्हातारपनी व्हतं असं. चुकली बोल, बस. कोन काय नाय बोलनार.”

त्याने तिला मोकळं व्हायला दार उघडून दिलं होतं. एक शब्द, आणि तिचा मान राहिला असता, गावातली लग्नं राहिली असती. त्याचीही पोर राहिली असती. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. शीतलने डोळे मिटले होते.

बारकूबायला विचार करायला वेळ लागला. खरंच लागला. तिने सुपातले उरलेले तांदूळ हाताने सारखे केले.

“बारकूबाय नाव चुकत नाय, गजा,” ती म्हणाली. “तुज्या लग्नात चुकली व्हती का?”

गजाभाऊ उठला. “मग आजपासून तुजा नि आमचा संबंध नाय,” एवढं म्हणाला आणि शीतलकडे न बघता गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. काठी खाली कशी घेतात हे मला आठवेना. दोघांनी मिळून ती माझ्या हातातून सोडवली.

बारकूबायने बरोबर केलं का, हे मला अजून सांगता येत नाही. मुलीने मान हलवली, हे मी ऐकलं-पाहिलं आहे. पण एका बापाला त्याच्याच श्रद्धेने बांधून घालून समोर बसवायचं, हे सोपं काम नव्हे, आणि ती ते करताना डगमगली नाही, याचा मला तेव्हा रागही आला. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “पोरगी हो बोलली. मी आनखी कोनाला इचारायचा आस्तंय?” अन्नम्मा सिस्टरांचा राग वेगळाच होता. त्या आठवडाभर ओट्यावर येऊन भांडत होत्या, की बाळंतपण मी केलं, वाढवला मी, आणि गाण्यात नाव फक्त मॅथ्यूचं का? शेवटी बारकूबायने त्यांना कारली फुकट दिली.

शीतल-रॉबिनने पुढे रीतसर सह्या करून लग्न केलं आणि कसाऱ्याला खोली घेतली. मुरबाडचं स्थळ मोडलं. गजाभाऊने शीतलचं नाव घरात घ्यायचं बंद केलं. आणि बारकूबायला सुपारी यायची बंद झाली. काही म्हणाले, हिने सिनेमात खोटा धवला गायला. काही म्हणाले, हिने बापाच्या परस्पर खरं लग्न लावलं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी राग यावा, हे तिलाच जमलं. लग्नसराई आली, तिचा पदर मोकळाच राहिला. ती बाजारात जायची तेव्हा काही आपटायचं नाही. मला ते बघवत नसे. मी उगाच जास्त भाजी घ्यायला लागलो. तिच्या ते लक्षात आलं आणि एकदा तिने मला झापलं, “येवढी भेंडी कोन खातंय तुज्या घरी?”

सिनेमाचं म्हणाल तर ती परत गायला तयार नव्हती, म्हणून निखिलने तोच प्रसंग ठेवला आणि अख्ख्या सिनेमात जिथे जिथे अस्मिता आणि डेव्हिड होते, तिथे नंतर आवाज भरून शीतल आणि रॉबिन केलं. सिनेमा इथे-तिथे दाखवला गेला. लोक हसले, शेवटी रडले. धवल्याचा तुकडा कोणीतरी फोनवर उतरवून घेतला आणि तो या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला.

दोन वर्षांनी गजाभाऊच्या धाकट्या मुलीची, सायलीची हळद होती. गजाभाऊचं अंगण बारकूबायच्या घराला लागून. मधे फक्त एक शेवगा. तरी तिला सुपारी नव्हती. आम्हाला आमंत्रण होतं. दिवेलागणीला मी मांडवात शिरताना बघितलं, बारकूबाय आपल्या ओट्यावर बसली होती, पुढ्यात वालाच्या शेंगा.

सायलीला पाटावर बसवलं. धवलारीण नव्हती, म्हणून डीजेवाल्याला सांगितलं होतं, फोनवर असेल तो धवला लाव. त्याने लावला. भल्यामोठ्या खोक्यांतून बारकूबायचा आवाज आला.

पहिल्या ओळीला कोणाच्या लक्षात आलं नाही. मी काठी धरली होती, माझ्या लगेच आलं, आणि माझे खांदे दुखायला लागले. मग एकेक मान वर झाली. गजाभाऊच्या हातात हळदीची वाटी होती. ती खाली ठेवून तो मशीनकडे धावला, वायरीला हात घातला.

“गजा,” मधे बोलायचं नाही हे विसरून बाळादादा ओरडला. “सुरू झालाय. तोडू नको.”

गजाभाऊ वायर धरून थांबला. देव आले. भातसेचं पाणी आलं. मग खोक्यांतून, मांडवभर, ते आलं जे त्या दिवशी फक्त मला ऐकू गेलं होतं: “नाव घेऊ का गो?”

पाटावर बसलेल्या सायलीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खोक्यातल्या आवाजाने शीतलचं नाव घेतलं. आणि त्याच क्षणी, त्याच चालीत, शेवग्यापलीकडून दुसरा आवाज आला. थकलेला, पण तोच. तो म्हणत होता, सापगावच्या गजाननाची लेक सायली. पुढे नवऱ्या मुलाचं नाव, त्याच्या बापाचं, गाव. सगळं बरोबर. बोलावलेलं नसताना तिने ते कुठून मिळवलं, देव जाणे. दोन्ही आवाज बरोबर चालले आणि बरोबर संपले. दोन्ही लेकींची नावं त्या मांडवात घेऊन झाली होती.

गजाभाऊने वायर सोडली. हळदीच्या ताटातली सुपारी उचलली आणि शेवग्याखालून पलीकडे गेला. मी मागोमाग गेलो. मला राहवलं नाही.

त्याने सुपारी पुढे केली. बारकूबाय शेंगा सोलत होती.

“उशीर केलास. गाऊन झाला.”

तो उभाच राहिला. सुपारी तशीच धरून म्हणाला, “आजी… मोठीला बोलवू का?”

“मला काय इचारतस? मी तिचा नाव कवाच घेतलाय. तू कवा घेनार?”

गजाभाऊने खिशातून फोन काढला. बटणं दाबताना त्याची हळदीची बोटं घसरत होती. पलीकडून कोणी उचलल्यावर तो म्हणाला, “शीतल.” बारकूबायने त्याच्या दुसऱ्या हातातली सुपारी काढून घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दातांनी ओढून घट्ट केली.